सगळे डॉक्टर एका दिवशी: नागपूरच्या स्नायुविकार बाह्यरुग्ण सेवेचे परीक्षण

नागपुरातील एका धर्मादाय रुग्णालयात महिन्यातून एकदा, स्नायूंचे आनुवंशिक आजार असलेल्या मुलांसाठी एकत्रित बाह्यरुग्ण विभाग भरतो. मज्जासंस्थेचे बालतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, छातीचे डॉक्टर, अस्थिरोगतज्ज्ञ, संप्रेरकांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, आनुवंशिकी समुपदेशक आणि वैद्यकीय समाजसेवक असे सगळे जण त्या दिवशी एकाच मजल्यावर बसतात आणि नाव नोंदवलेल्या मुलांना पाळीपाळीने पाहतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि घरी कोरडवाहू शेती आहे. गेली काही वर्षे आम्ही या सेवेचा लाभ घेत आहोत. आमच्यासारखी आणखी कुटुंबे विदर्भाच्या खेड्यापाड्यांत नक्कीच असणार, त्यांना जावे की न जावे हे ठरवता यावे यासाठी हे लिहीत आहे. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून रुग्णालयाचे नाव देत नाही. पण आपल्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी केली तर अशी सेवा कोठे मिळते याची माहिती मिळू शकते, आम्हालाही ती तेथेच मिळाली.

आमच्या भागात सिकलसेल म्हटले की पारावर बसलेल्या माणसालाही कळते, कारण तो आजार कितीतरी घरांत आहे. ड्यूशेनचे तसे नाही. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो, त्यामुळे एखाद्या खेड्यातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांना उभ्या आयुष्यात असा एखादा रुग्ण भेटला तर भेटला. एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात बिघाड असल्याने स्नायूंना धरून ठेवणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन शरीरात तयारच होत नाही, आणि वापरात येणारा प्रत्येक स्नायू हळूहळू झिजत जातो. सुरुवात पायांपासून होते म्हणून हा पायांचा आजार वाटतो, पण हृदय हाही स्नायू आहे आणि श्वास ओढणारा पडदाही स्नायूच आहे. चालणे टिकवण्यासाठी जे स्टेरॉइड द्यावे लागते त्याने हाडे ठिसूळ होतात, वजन वाढते, उंची खुंटते, मोतीबिंदूची शक्यता वाढते. वजन वाढले की थकलेल्या पायांवर आणखी भार येतो, आणि पाठीला बाक आला की फुप्फुसांना जागा कमी पडते. एका डॉक्टरांनी उचललेल्या पावलाचा परिणाम दुसऱ्या डॉक्टरांच्या अखत्यारीत जाऊन उमटतो, म्हणून या आजारात डॉक्टर किती मोठे आहेत यापेक्षा ते एकमेकांशी बोलतात की नाही याला अधिक महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचाही भर नेमका याच गोष्टीवर आहे.

ही सेवा मिळण्यापूर्वी आमचे जे झाले ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ पालकांचे तसेच होत असावे. मुलगा उशिरा चालू लागला, जिना चढताना मांडीवर हात टेकू लागला, त्याच्या पोटऱ्या मात्र टणक आणि भरदार दिसत. घरच्यांना ते चांगल्या प्रकृतीचे लक्षण वाटे. एका खासगी दवाखान्यात रक्त तपासले, त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले आले, आणि यकृताला सूज आहे असे सांगून कित्येक महिने पातळ औषध चालू ठेवले गेले. ही द्रव्ये झिजणाऱ्या स्नायूंतूनही रक्तात उतरतात, आणि अशा वेळी सीपीके नावाची एक साधी तपासणी केली की खरा प्रकार कळतो, हे आम्हाला फार पुढे समजले. दुसऱ्या ठिकाणी त्याला रोज सायकल चालवायला लावा, जोर आपोआप येईल, असा सल्ला मिळाला आणि तिसऱ्या ठिकाणी त्याला अंथरुणावरून हलू देऊ नका असे बजावण्यात आले. प्रत्येक जण आपापल्या परीने आणि चांगल्या हेतूने सांगत होता, परंतु आधी कोणी काय सांगितले होते ते पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही.

निदानाची वाट अखेर शाळेतूनच सापडली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. त्या पथकातील डॉक्टरांनी मुलाला जमिनीवर बसवून उठायला सांगितले. तो आधी ओणवा झाला, मग दोन्ही हात गुडघ्यांवर, नंतर मांड्यांवर ठेवत, आपल्याच अंगावरून वर चढल्यासारखा उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला पुन्हा बसवले नाही. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावून सीपीके करून घेण्याची चिठ्ठी दिली आणि जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवले. ज्या शाळांत हे पथक आले की मुलांची उंची आणि वजन लिहून घेऊन काम उरकले जाते, तेथील शिक्षकांनी एवढी एक गोष्ट जरूर करून घ्यावी: जे मूल पळताना सतत मागे पडते त्याला डॉक्टरांसमोर जमिनीवरून उठायला लावावे.

आता मूळ सेवेकडे वळते. नोंदणी फोनवर होते आणि ती समन्वयकाकडे करावी लागते. हे समन्वयक डॉक्टर नाहीत, परिचर्येचे शिक्षण घेतलेले एक तरुण गृहस्थ आहेत, आणि या संपूर्ण व्यवस्थेत माझ्या मते सर्वांत मोलाचे काम त्यांचेच आहे. तपासणीच्या आठवडाभर आधी ते फोन करून विचारतात की मूल अलीकडे किती वेळा पडले, रात्री कूस बदलायला कोणाला उठवते का, सकाळी डोके दुखते का, जेवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का. शेवटच्या तीन प्रश्नांचा संबंध श्वासाशी आणि गिळण्याशी आहे हे त्यांनीच समजावून सांगितले. या उत्तरांवरून मुलाने त्या दिवशी कोणाला आधी भेटावे आणि कोणती तपासणी करावी याचा क्रम ते ठरवून ठेवतात. हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको सकाळी, मूल ताजेतवाने असताना. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी त्यानंतर थोड्या विश्रांतीने. आणि चालण्याची चाचणी जेवणाच्या आधी. मुलाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला चाकाची खुर्ची आधीच लावून ठेवलेली असते. आमच्या तालुक्याचे ठिकाण असलेल्या पांढरकवड्याहून हिंगणघाट, जांब, बुटीबोरी करत एसटीने येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने एका दिवसात सगळे उरकणे ही केवळ सोय नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्या घरातल्या आईबापांची मजुरी बुडते, त्यांना वेगवेगळ्या डॉक्टरांसाठी वेगवेगळ्या दिवशी नागपूर गाठायला सांगणे म्हणजे उपचार सोडून द्यायला सांगण्यासारखेच आहे.

दुपारनंतर सगळे डॉक्टर एका खोलीत बसतात आणि प्रत्येक मुलाविषयी चर्चा करतात. पालकांना त्यात बसू देतात, हे मला विशेष वाटले. मागील वर्षीच्या एका बैठकीचे उदाहरण देते. मुलाच्या पाठीचा बाजूने काढलेला एक्स-रे पाहून संप्रेरकांच्या डॉक्टरांनी दाखवले की एक मणका किंचित चेपला आहे. मुलाने पाठदुखीची तक्रार कधीही केलेली नव्हती. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांत असे मणके दुखण्याविनाही चेपतात, म्हणून तक्रार नसली तरी एक्स-रे काढतात, असे त्यांनी सांगितले. आता स्टेरॉइड कमी करावे काय, यावर बोलणे सुरू झाले. मज्जासंस्थेच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की मूल अजून चालते आहे, मात्रा उतरवली तर पायांची ताकद लवकर जाईल. वजन वाढेल तसा डोस वाढवत न नेता आहे तेवढाच ठेवू. संप्रेरकांच्या डॉक्टरांनी ते मान्य केले, परंतु हाडे घट्ट करणारे औषध शिरेतून देण्याचा आग्रह धरला, आणि त्याआधी शरीरातील ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढायला हवी असे सांगितले. एवढ्यात समन्वयकांनी हातातल्या कागदाकडे पाहत विचारले, "दंतवैद्यांकडून तपासून घेतले आहे का? आईंनी फोनवर सांगितले होते की खालची एक दाढ किडली आहे." ते औषध सुरू करण्यापूर्वी दातांचे काम उरकून घ्यायचे असते, कारण नंतर दाढ काढावी लागली तर जबड्याचे हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. सर्व डॉक्टरांनी माना हलवल्या, आणि क्रम ठरला: आधी दाढ, मग ड जीवनसत्त्व, मग औषध, आणि स्टेरॉइड आहे तसेच. हे चार निर्णय चार ठिकाणी चार वेगवेगळ्या महिन्यांत झाले असते तर ते याच क्रमाने झाले असते अशी मला मुळीच खात्री नाही.

फिजिओथेरपीचा भाग मी जरा विस्ताराने लिहिते, कारण घरी रोज तेच करायचे असते. पहिल्याच भेटीत तेथील बाईंनी मुलाला विचारले की यंदा तुला काय करायचे आहे. त्याने सांगितले, "तान्ह्या पोळ्याला माझा लाकडी नंदी ओढत देवळापर्यंत न्यायचा आहे." आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन निघतात, हे त्यांना सांगावे लागले नाही, त्या वर्ध्याच्याच आहेत. त्यांनी घरापासून देवळापर्यंतचे अंतर विचारले, वाटेत चढ आहे का ते विचारले, दोरी किती लांब हवी म्हणजे वाकावे लागणार नाही ते ठरवले, आणि अर्ध्या वाटेवर ओळखीच्या ओट्यावर खुर्ची ठेवून तेथे बसायचेच, थकण्याची वाट पाहायची नाही, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. त्यानिमित्ताने या आजारातील व्यायामाचे तत्त्वही मला कळले. घोट्याच्या मागची शीर आणि मांडीचे स्नायू रोज हलक्या हाताने ताणायचे, म्हणजे सांधे आखडत नाहीत. पण दमछाक होईपर्यंत चालणे, उड्या मारणे, जिना उतरणे टाळायचे, कारण ताण घेत लांबणारा स्नायू अधिक फाटतो. सायकलीचा आणि अंथरुणाचा, दोन्ही सल्ले चुकीचे का होते याचे उत्तर मला येथे मिळाले. मुलाने त्या वर्षी नंदी देवळापर्यंत नेला, आणि ओट्यावर दोनदा बसला.

घोटा आखडू नये म्हणून रात्री घालायच्या पायाच्या स्प्लिंटविषयी मात्र तक्रार आहे. माप एका महिन्यात घेतात आणि स्प्लिंट पुढच्या महिन्यात मिळते, म्हणजे फक्त ते घ्यायला आणि बसते का ते पाहायला पुन्हा जावे लागते. शिवाय ते प्लास्टिकचे असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वीज गेली की कूलर बंद पडतो, आणि त्या उकाड्यात मूल रात्रभर पायाला प्लास्टिक बांधून झोपेल ही अपेक्षा करणे कठीण आहे. मुलाच्या पोटरीवर घामोळे उठून कातडी लाल झाली तेव्हा आम्ही ते दाखवले. बनवणाऱ्या कारागिरांनी त्याला बाजूने भोके पाडून दिली, आत घालायला सुती मोजे सांगितले आणि उन्हाळ्यात रात्रीऐवजी पहाटेचे काही तास घातले तरी चालेल असे फिजिओथेरपीच्या बाईंनी ठरवून दिले. उपाय चांगला निघाला, पण विदर्भात बनणाऱ्या स्प्लिंटला पहिल्यापासूनच भोके असायला हवीत.

आनुवंशिकी समुपदेशनाच्या खोलीत जे घडले त्यासाठी मी या सेवेची कायम ऋणी राहीन. रक्ताच्या एमएलपीए तपासणीत मुलाच्या जनुकाचा एक तुकडा गहाळ असल्याचे दिसले आणि पुढे माझ्या तपासणीत मी वाहक असल्याचे निघाले. ड्यूशेनच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांत हा बदल आईकडून आलेला असतो, उरलेल्यांत तो मुलातच नव्याने घडतो. आईकडून आला एवढे एकच वाक्य गावात पोहोचले तर त्या बाईचे काय होते हे मी वेगळे सांगायला नको. समुपदेशक बाईंनी हे ओळखले असावे. त्यांनी मला आणि यजमानांना सांगण्याआधी सोबत आलेल्या सासूबाईंनाही आत बोलावले, कागदावर बाईच्या दोन एक्स गुणसूत्रांसाठी दोन गोल काढले, आणि म्हणाल्या, "आजी, प्रत्येक माणसाच्या अंगात असे काही ना काही बिघाड असतातच. बहुतेकांचे ते कधी दिसत नाहीत. तुमच्या सुनेलाही हा असल्याचे कळायला काही मार्ग नव्हता, कारण तिचा दुसरा गोल चांगला असल्याने तिला काही होत नाही. मुलाला असा गोल एकच मिळतो." सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हिले बी मालूम नव्हतं. मंग हिचा काय दोष, बाई?" त्या दिवसानंतर आमच्या घरात हा विषय दोषाच्या भाषेत कोणी काढला नाही.

त्याच बैठकीत आणखी काही गोष्टी कळल्या ज्या एखाद्या साध्या बाह्यरुग्ण विभागात कोणी सांगितल्या नसत्या. वाहक स्त्रीच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून माझाही इको काढण्यात आला आणि तो ठरावीक काळाने पुन्हा करायला सांगितला आहे. माझ्या धाकट्या बहिणीला मूल होऊ देण्याआधी तपासणी करून घेण्याचा सल्ला मिळाला. मुलीची तपासणी आताच करावी काय असे मी विचारले, तेव्हा ती पाच वर्षांची आहे, मोठी झाल्यावर हा निर्णय तिचा तिने घ्यावा, तुम्ही तिच्या वतीने घेऊ नये, असे त्यांनी समजावले. तो सल्ला मला योग्य वाटला.

दिवस संपताना हातात दोन कागद मिळतात. एक इंग्रजीतला, डॉक्टरांसाठी. दुसरा मराठीत, एका पानाचा, ज्यात पुढील भेटीपर्यंत कोणी काय करायचे ते लिहिलेले असते: घरच्यांनी काय, शाळेने काय, प्राथमिक आरोग्य केंद्राने काय. याखेरीज एक पिवळे कार्ड असते, जे मुलाच्या दप्तरात कायम ठेवायचे असते. मूल दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहे, ते अचानक बंद करू नये, भूल देताना सक्सिनिलकोलीन वापरू नये, असे त्यावर मोठ्या अक्षरांत दोन्ही भाषांत छापलेले आहे.

या कार्डाची किंमत आम्हाला एका पावसाळ्यात कळली. मुलाला ताप आणि उलट्या सुरू झाल्या. गावाजवळच्या एका खासगी दवाखान्यात पोट ठिकाणावर येईपर्यंत सगळ्या गोळ्या बंद ठेवा असे सांगण्यात आले. मी कार्डावरच्या क्रमांकावर फोन लावला. समन्वयकांनी उलट्या कितीदा झाल्या आणि सकाळची गोळी पोटात राहिली का एवढेच विचारले, आणि ताबडतोब ग्रामीण रुग्णालयात जा, तेथे पोहोचलात की डॉक्टरांच्या हाती फोन द्या, असे सांगितले. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचे शरीर स्वतःचे संप्रेरक पुरेसे बनवू शकत नाही, आणि आजारपणात तर त्याची गरज वाढते. अशा वेळी गोळी पोटात टिकत नसेल तर ते इंजेक्शनने द्यावे लागते, नाहीतर रक्तदाब आणि साखर उतरून जिवावर बेतू शकते. ग्रामीण रुग्णालयाच्या तरुण डॉक्टरांनी कार्ड वाचले, फोनवर नागपूरच्या डॉक्टरांशी बोलून हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाइन दिले. रात्री मुलाने पेज मागून घेतली. दुसऱ्या दिवशी समन्वयकांचा आपणहून फोन आला. तज्ज्ञ नागपुरात आणि मूल दीडशे किलोमीटरवर असताना त्या दोघांच्या मधले अंतर ज्या व्यवस्थेला असे कापता येते, तिला मी समन्वित उपचार म्हणते.

परंतु हा फोन सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढाच चालतो आणि रविवारी बंद असतो. आमचे मूल आजारी पडले तो दिवस कामाचा होता हे आमचे नशीब. हा या सेवेतला सर्वांत गंभीर दोष आहे आणि तो दूर करायला मोठा खर्च येईल असे मला वाटत नाही. निदान अतिदक्षता विभागातील बालरोगतज्ज्ञांकडे सुट्टीच्या दिवशी हा क्रमांक वळवून ठेवता येईल. हे मी लेखी कळवले आहे. उरलेले दोष त्यामानाने लहान असले तरी सांगायला हवेत. ज्या मजल्यावर चाकाच्या खुर्चीतली मुले दिवसभर असतात तेथील स्वच्छतागृहाचे दार एवढे अरुंद आहे की खुर्ची आत जात नाही, आणि मोठ्या मुलांना वडिलांनी उचलून न्यावे लागते. राहण्याची व्यवस्था फक्त आई आणि मुलासाठी आहे, सोबतच्या पुरुषाला रात्र व्हरांड्यात काढावी लागते. मुलांच्या मनाची दखल घेणारे कोणीही या चमूत नाही. माझ्या मुलाने परतीच्या प्रवासात विचारले की तेथे खुर्चीत बसलेले मोठे दादा आधी माझ्यासारखे चालायचे का. या प्रश्नाला कसे सामोरे जावे हे मला कोणीतरी शिकवायला हवे होते. आणि अठरा वर्षांनंतर या मुलांनी कोठे जायचे, याची काहीही तजवीज येथे दिसत नाही. पूर्वी हे मूल त्या वयापर्यंत पोहोचणेच अवघड असे. आता स्टेरॉइड, हृदयाची आधीच सुरू केलेली औषधे आणि रात्री श्वासाला आधार देणारे यंत्र यांमुळे कितीतरी तरुण विशी ओलांडून पुढे जातात, म्हणून हा प्रश्न पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही.

महागड्या औषधांविषयी येथे जे बोलले जाते ते प्रामाणिक आहे. परदेशात जनुकीय उपचार निघाले आहेत हे आता मोबाइलवर सगळ्यांनाच दिसते, आणि त्यासाठी जमीन विकायला निघालेले एक कुटुंब मी तेथे पाहिले. डॉक्टरांनी त्यांना बसवून घेतले आणि स्पष्ट सांगितले की ही औषधे सगळ्या मुलांना लागू पडत नाहीत, जनुकाचा कोणता तुकडा गहाळ आहे यावर ते अवलंबून असते, आणि त्यांनी आजार मुळापासून बरा होतो असे कोणीही सिद्ध केलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ड्यूशेनचा समावेश तिसऱ्या गटात आहे. २०२२ पासून कोणत्याही गटातील रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद झाली, पण ते धोरणाने नेमलेल्या केंद्रांमार्फतच मिळते. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक आहे. कोणत्या मुलाचे कागद तेथे पाठवणे सार्थ आहे हे हा चमू ठरवतो आणि ज्यांचे नाही त्यांना खोटी आशा दाखवत नाही. त्या कुटुंबाने जमीन विकली नाही.

वैद्यकीय समाजसेवकांनी अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे काम मार्गी लावून दिले. २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे मूल अजून चालते एवढ्या कारणावरून कोणी अर्ज परत पाठवू लागले तर कायद्याची प्रत दाखवावी. एसटीच्या भाड्यातील सवलतीने प्रवासाचा भार बराच हलका होतो. धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के सवलतीत ठेवायच्या असतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. उत्पन्नाचा दाखला सोबत असेल तर समाजसेवक तेथल्या तेथे अर्ज भरून घेतात.

ज्यांच्या मुलाचे निदान झाले आहे किंवा तसा संशय आहे त्यांनी वेळ दवडू नये, अगदी मूल अजून धावत असले तरी. पहिल्या भेटीला जाताना जुने सर्व रिपोर्ट, विशेषतः सीपीके आणि जनुकीय तपासणीचा, लसीकरणाचे कार्ड (स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वी कांजिण्यांसारख्या काही लसी देऊन घ्याव्या लागतात), शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला न्यावा. आईच्या माहेरी कोणा मामाला किंवा मावसभावाला लहानपणी चालता येईनासे झाले होते का, हे वडीलधाऱ्यांना आधीच विचारून ठेवावे. शक्य असल्यास आजीला सोबत न्यावे. एसटीने येणाऱ्यांनी तसे समन्वयकांना आदल्या दिवशी कळवावे, ते इकोची वेळ उशिराची लावून देतात; आणि पोहोचल्यावर केसपेपरच्या रांगेत न थांबता थेट त्यांच्या टेबलाशी जावे, कारण नोंदणी झालेल्या मुलांचे केसपेपर तेथे काढून ठेवलेले असतात.